साधित मुलगी

मिरजेच्या त्या इस्पितळात पेशंट दाखल करून घेण्याच्या खिडकीवर एक पाटी होती : ‘नातं विचारपूर्वक सांगा.’ जन्मभर माणसं नाती जोडतात आणि तोडतात ती विचार न करता, आणि इथे धाप लागलेल्या माणसाने विचार करायचा! पण पाटी लावणाऱ्यांचाही नाइलाज होता. सांगितलेलं नातं एकदा यंत्रणेत गेलं की पेशंट घरी जाईपर्यंत, किंवा कुठेच जात नाही असं ठरेपर्यंत, ते बदलत नसे.

चाकाच्या खुर्चीत कुमुद अणवेकर बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर पर्स, आणि पर्सवर दोन्ही हात. जणू इस्पितळ पहिल्यांदा तीच काढून घेणार होतं. मागे केतकी उभी होती.

“पेशंटच्या तुम्ही कोण?” खिडकीतले कारकून सुतार यांनी केतकीला विचारलं.

“मुलगी आहे ती माझी,” केतकीने तोंड उघडायच्या आत कुमुदमावशी म्हणाली. एका वाक्याला तिला दोन श्वास लागले, तरी ‘माझी’वरचा जोर कमी झाला नाही.

“मुलगी,” म्हणत सुतारांनी बोटं उचलली.

“थांबा,” केतकी म्हणाली. “मानलेली मुलगी. नोंदणी आहे आमची.”

“मग साधितमध्ये टाकतो.” सुतारांना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी दिवसभरात बायको म्हणून आलेल्या बहिणी आणि भाऊ म्हणून आलेले भाडेकरू पाहिले होते.

वॉर्डात मावशीला पलंग मिळाला, नर्सने बोटाला चिमटा लावला, चहा आला. चहा अर्धा पिऊन मावशीने कप खाली ठेवला.

“काय गं, मुलगी लिहिलं असतं तर काय झालं असतं?”

“मावशी, यंत्रणा जन्मनोंदीशी ताडून बघते. नाही म्हणाली असती. फॉर्म परत आला असता.”

“मग यंत्रणा म्हणाली असती ना, नाही म्हणून,” मावशी म्हणाली. “तू कशाला म्हणालीस?”

केतकीला उत्तर सुचलं नाही. त्या यंत्रणेविषयी तिला कोणी प्रश्न विचारावा आणि उत्तर सुचू नये, असं सहसा होत नसे. कारण तिचा सांगाडा केतकीनेच बांधला होता.

काही वर्षांपूर्वी राज्यात नकली नातेवाइकांची साथ आली होती. कोणाचाही आवाज आणि कोणाचाही चेहरा चहा उकळेपर्यंत तयार करता येऊ लागला होता. अतिदक्षता विभागात फोन यायचा, पडद्यावर पेशंटचा मुलगा ढसाढसा रडायचा, “आता बाबांना त्रास नको” म्हणायचा. डॉक्टर मशीन काढायचे. खरा मुलगा त्या वेळी नागपुरात दाढी करत असायचा. मग कायदा झाला, मंडळ झालं आणि ‘संमती’ नावाची यंत्रणा आली. माणसाच्या रडण्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही, एवढाच त्या कायद्याचा अर्थ होता.

प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषांतही माणसांसारखेच सैल आणि कडक असे स्वभाव असतात. कडक भाषेत प्रत्येक गोष्टीला टाइप असतो : ही रक्कम, ही तारीख, हा मुलगा. कुठल्या कामाला कुठला टाइप चालेल तेही आधीच ठरलेलं असतं. प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वी कंपायलर नावाचा तपासनीस सगळ्या ओळी वाचतो आणि टाइप जुळला नाही की तिथेच बोट ठेवतो. सैल भाषेत चूक चालता चालता पायात येते; इथे ती उंबऱ्याबाहेरच अडते. ‘संमती’ अशा कडक भाषेत लिहिली होती. पेशंट दाखल झाला की त्याच्या नात्यांचा एक छोटा प्रोग्रॅम तयार होई, तपासला जाई, आणि त्यावर कुलूप पडे. कंपायलरचे पाय धरता येत नाहीत आणि त्याला चहापाण्यालाही नेता येत नाही. लोकांना हायसं वाटलं.

हायसं वाटलं, ते मानलेल्या नात्यांचा प्रश्न येईपर्यंत. आपल्याकडे नाती कायद्यात मावतील इतकी थोडी कधी होती? कोणाचा मानलेला भाऊ, कोणाची मानलेली लेक. दर भाऊबिजेला दोन-चार नवी नाती पाटावर बसतात आणि पुढे सख्ख्यांपेक्षा जास्त राबतात. त्यांच्यासाठी असलेल्या टाइपपासून नवे टाइप काढायचं ठरलं. ते काढायच्या दोन रीती होत्या. एक पोटटाइपची : मानलेली मुलगी हा मुलीचाच एक पोटटाइप, जिथे मुलगी चालते तिथे ही चालते. दुसरी साधित टाइपची : बांधा मुलीचा, गुण मुलीचे, पण नाव वेगळं आणि दारही वेगळं. जिथे मुलगी मागितली आहे तिथे ही उभी राहिली तर कंपायलर परत पाठवतो. मधे कोणी रूपांतराची ओळ मुद्दाम लिहिली असेल तरच ती आत जाते.

मंडळाच्या बैठकीत सुहास खोत पोटटाइपच्या बाजूने होते. केतकीपेक्षा वयाने मोठे, कामाने सावकाश, आणि लोकांविषयी फार बरं मत असलेले गृहस्थ. “अहो, मानलं म्हणजे मानलं,” ते म्हणाले होते. “मग परत वेगळं कशाला काढता?”

केतकीने साताऱ्याच्या निवृत्त हेडमास्तरांचं प्रकरण पुढे ठेवलं होतं. त्यांचा मानलेला पुतण्या त्यांना आंघोळ घालायचा, पेपर वाचून दाखवायचा. फ्लॅट त्याच्या नावावर झाल्यावर साध्या न्यूमोनियात त्याने मशीन काढायला लावलं. पुतण्या नकली नव्हता. नातं मात्र नकली निघालं.

आणि तिने शिवणक्लासचा दाखला दिला होता. तो कुमुदमावशीचा होता. मावशीकडे दोन गिऱ्हाइकं सारख्या मापाची असली तरी एकीचा ब्लाउज दुसरीच्या पिशवीत गेलेला तिला खपत नसे. “माप तेच आहे म्हणून माणूस तेच होत नाही,” ती मुलींना ओरडायची. केतकी त्या क्लासच्या कटिंग टेबलाखाली अभ्यास करत वाढली होती. बैठकीत ते वाक्य फार चाललं. साधित टाइप मंजूर झाला.

साधित मुलीला मुलीकडून वारशाने पुष्कळ मिळालं : भेटीची वेळ, डॉक्टरांशी बोलणं, बाकावर झोपणं, औषधं आणणं, बिल भरणं. (बिल भरायला खरं तर कुठलाच टाइप लागत नसे, तिथे मंडळ फार मोकळ्या मनाचं होतं.) एकच काम तिच्याकडे आलं नाही. ‘आता उपचार थांबवा’ हे म्हणण्याचं.

पुढे हा शब्द मंडळाच्या हातात राहिला नाही. लग्नात मानलेल्या मामाला आहेर देताना “साधितांचा वेगळा ठेवलाय” असं लोक कुजबुजू लागले. भांडणात पोरं एकमेकांना “जा रे, साधित!” म्हणू लागली. शब्द तयार करणाऱ्यांना हे दिसत नाही असं नाही. ते फक्त दुसरीकडे बघतात.

केतकीची आई ती शाळेत असताना गेली. वडील मस्कतला नोकरीला गेले आणि तिथे त्यांचा दुसरा संसार उभा राहिला. खालच्या मजल्यावर शिवणक्लास चालवणाऱ्या, लग्न न केलेल्या कुमुदने वरच्या मजल्यावरची मुलगी आधी जेवायला आणि मग कायमची ठेवून घेतली. दत्तकाचे कागद करायचे असं दर दिवाळीत ठरे. पोर घरातच तर आहे, कागदावाचून तिचं काय अडलंय, असं म्हणून दर दिवाळीत ते राही. मानलेल्या नात्यांची नोंदणी सुरू झाली तेव्हा केतकी मावशीला घेऊन पहिल्याच आठवड्यात गेली. मावशीने इरकल नेसली होती. नोंदणी झाल्यावर तिने कचेरीत सगळ्यांना पेढे वाटले. हे दत्तकासारखंच काहीतरी आहे अशी तिची समजूत होती. केतकीच्या ते लक्षात आलं होतं. पण पेढा तोंडात असताना माणूस काय समजावून सांगणार?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावर केतकीला बाजूला घेऊन म्हणाले, “फुप्फुसं कडक झालीत. हे परत मऊ होत नाही. श्वास आणखी कमी पडला तर नळी घालावी लागेल, आणि एकदा घातली की ती निघेल असं मला वाटत नाही. त्यांनी स्वेच्छापत्र केलंय का?”

स्वेच्छापत्र म्हणजे शुद्धीत असताना स्वतःच सांगून ठेवायचं, मला नळी नको. ते असलं की कोणाच्या टाइपचा प्रश्नच उरत नाही. केतकीने राज्यभर त्याची शिबिरं घेतली होती, भाषणं दिली होती. घरी मात्र तिने हा विषय काढला नव्हता. दिवेलागणीला असलं बोलू नये, सकाळी सकाळी बोलू नये, सणाला तर नाहीच. आणि मावशीच्या घरात या तिन्हींशिवाय चौथी वेळ नव्हती.

तिने आता विषय काढला. मावशीने ऐकून घेतलं.

“नळी नको मला,” ती म्हणाली. “घशात नळी घालून बोलायचं कसं? घरी ने. कटिंगच्या टेबलावर झोपव हवं तर, लांबीला पुरते मी.”

“मग तसं लिहून घ्यायला अधिकारी येतील, मावशी. दोन प्रश्न विचारतील.”

“येऊ देत. पण आज नको गं. आज मी दमलेय. आणि केस बघ कसे झालेत.”

अधिकारी सकाळी येणार होते. पहाटे मावशीचा श्वास कोंडला. पत्र नाही, अधिकाराचं माणूस नाही. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी नळी घातली. नियम केतकीच्या चांगलाच ओळखीचा होता.

यंत्रणेने अधिकाराचं माणूस शोधलं : निरंजन अणवेकर, मावशीच्या वारलेल्या भावाचा मुलगा, राहणार पर्थ, ऑस्ट्रेलिया. रक्ताचा भाचा. टाइप चोख. आत्याला त्याने शेवटचं पाहिलं ते स्वतःच्या मुंजीत.

तो पडद्यावर आला; सभ्य, घाबरलेला, ऑफिसच्या कपड्यांत. डोळ्यांची आणि रक्ताची ओळख पटवून झाली. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “चालू ठेवा. जे जे आहे ते सगळं करा. मी आठवड्याभरात येतो.”

केतकी पुढे झाली. “निरंजन, तिला हे नको होतं. माझ्याशी बोलली होती ती.”

“तुम्ही केतकीताई ना? बाबांकडून ऐकलंय. ताई, मी आत्याला कधी एक फोन केला नाही. तिने पाठवलेले स्वेटर घातले नाहीत. आता मी पहिल्यांदा तोंड उघडणार, ते तिला मारा म्हणायला? नाही जमायचं मला. प्लीज.”

त्याच्यावर रागावणं सोपं झालं असतं, पण तशी सोय त्याने ठेवली नव्हती. काहीच न केलेल्या माणसाला सगळं करायचं होतं. अतिदक्षता विभागात असे भाचे रोज येतात. डॉक्टर मुजावर म्हणाले, लांबच्या माणसाचा जीव फार चिवट असतो, दुसऱ्याच्या बाबतीत.

मावशीचे हात पलंगाच्या कडांना बांधले होते, कारण शुद्ध आली की ती नळीकडे हात नेत होती. शुद्ध अर्धवट यायची. त्या अर्धवट शुद्धीत ती केतकीकडे बघायची. त्यात ओळख होती की नुसतं बघणं, हे केतकीला कळत नव्हतं.

दुपारी इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये तिने लॅपटॉप उघडला. मूळ आराखड्यात बदल करायचा अधिकार राज्यात तिघांना होता. त्यातली ती एक. रूपांतराची ओळ लहान असते. साधित मुलगी हातात घ्या, मुलगी म्हणून परत द्या. तिने ती लिहिली. कंपायलरने वाचली आणि मान्य केली. कुठेही बोट ठेवलं नाही. पुढे फक्त मंजुरीचं बटण होतं.

तिने खोतांना फोन लावला.

“हं,” खोत सगळं ऐकून म्हणाले. “लिहिलीस?”

“लिहिली.”

“लावू नको असं मी म्हणणार नाही. मी तर पहिल्यापासून तुझ्या विरुद्ध पक्षाचा. पण केतकी, तू ती कोणासाठी लिहिलीस ते त्या ओळीत कुठे दिसतंय का?”

दिसत नव्हतं. टाइप माणसाचा नसतो, प्रकाराचा असतो. ती ओळ कुमुदच्या केतकीला आत घेणार होती आणि तिच्या मागोमाग राज्यातल्या सगळ्या मानलेल्या मुलींना. मग मुलांना कोणत्या तोंडाने नाही म्हणणार, आणि पुतण्यांना? बदल लावण्याआधी जुन्या प्रकरणांवर तो चालवून बघायचा रिवाज होता. तिने चालवला. पुतण्यांसाठी तशीच ओळ घातली आणि पुन्हा चालवला. साताऱ्याच्या हेडमास्तरांचं प्रकरण निमूट पुढे गेलं. एकही लाल खूण नाही.

एका माणसासाठी चूक करायची तिची पूर्ण तयारी होती, अगदी आनंदाने तयारी होती. पण तिच्या भाषेत एका माणसासाठी चूक करायची सोयच नव्हती. ती तिनेच ठेवली नव्हती. तिने ओळी पुसल्या. समोरचा चहा गार झाला होता तो प्यायली, आणि निरंजनला फोन लावला.

“मी तुला काही करायला सांगत नाहीये,” ती म्हणाली. “फक्त ऐक. तिच्याविषयी कोणीतरी तुला सांगायला हवं होतं.”

मग तिने सांगितलं. मावशी सुई ओवताना दोरा नाही, सुई हलवते. टाचण्या ओठांत धरून बोलते, आणि त्यातूनही तिच्या शिव्या स्पष्ट ऐकू येतात. लग्नाचा ब्लाउज शिवला की आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एक टाका लाल घालते. विचारलं की म्हणते, माझी हजेरी. गाणं ऐकताना झोपते आणि बंद केलं की जागी होते. तिला कोणी उचलून धरलेलं चालत नाही. पायऱ्यांवर हात दिला तर झिडकारते. कोणाकडून पाणी मागून घेतलेलं केतकीला आठवत नाही. तिचा घसा हाच तिचा संसार. त्या घशावर तिने चाळीस पोरींचा क्लास चालवला.

निरंजन मधेमधे विचारत होता. स्वेटर कधी विणायची? बाबांवर रागावली होती का? केतकी सांगत गेली. माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली. ऑस्ट्रेलियात अंधार पडला असावा; त्याच्या पाठीमागची खिडकी काळी झाली होती.

“दाखवा मला तिला,” तो म्हणाला.

तिने फोन पलंगापाशी नेला. त्याने नळी पाहिली. बांधलेले हात पाहिले. बराच वेळ पाहिले.

“हे सोडायला सांगा,” तो म्हणाला. “हात तरी सोडा.”

“हात सोडले की ती नळी काढते.”

तो रडायला लागला. खरंखुरं, बेढब, नाक पुसत. “मला वाटेल मी मारलं तिला. आयुष्यभर वाटेल, ताई.”

“तू नाही. मी मारलं असं समज.”

“पण नाव माझं लागेल.”

“हो,” केतकी म्हणाली. “नाव तुझं.”

डॉक्टर मुजावरांनी त्याला ठरलेला प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारला. भाच्याने हो म्हटलं. यंत्रणेने क्षणात मानलं.

घरी नेण्याइतका वेळ उरला नव्हता. नळी काढली, हात सोडले. मावशीने उजवा हात उचलला, तो घशापर्यंत गेला, तिथे काही नाही असं पाहून खाली आला. केतकीने तो धरला; हे काम तिच्या टाइपला चालत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत श्वास थांबला. पडद्यावर निरंजन हात जोडून उभा होता, आणि नर्सने शोक व्यक्त केला तो पडद्याकडे बघून.

तेराव्याला ऑनलाइन शोकसभा झाली. अणवेकरांचे बेळगाव, हुबळी, पुणे, पर्थ असे सगळे चौकोन पडद्यावर जमले. क्लासच्या जुन्या मुली आल्या होत्या. केतकीचा चौकोन खालच्या ओळीत होता. पहिल्यांदा निरंजन बोलला. हक्कच होता त्याचा.

“आत्या सुई ओवायची ना,” तो म्हणाला, “तेव्हा दोरा नाही, सुई हलवायची.”

कोणीतरी हुंदका दिला. मग टाचण्या आल्या. मग लाल टाका आला. आवाज फुटत होता, पण तो थांबला नाही. चांगलं बोलला. लबाडी करत होता असं केतकीला वाटलं नाही. त्याला एवढ्याच आठवणी होत्या, आणि त्या त्याने खरोखर रडून आपल्याशा केल्या होत्या. पुण्याच्या एक मामी म्हणाल्या, “किती जीव होता रे तुझा आत्यावर! आम्हाला कधी कळलंच नाही.”

“केतकी आहे ना, शेजारची, तीही बसली आहे,” बेळगावहून कोणी सांगितलं. “तिनेही पुष्कळ केलं हो.” चौकोनांनी माना डोलावल्या.

सभा संपल्यावर निरंजनचा वेगळा फोन आला. डोळे सुजले होते.

“नीट बोललो ना, ताई?”

“नीट बोललास.”

“आत्ता यायचं राहिलं, पण वर्षश्राद्धाला मी येणार आहे. बेळगावचे म्हणतायत, तिच्यावर एक छोटं पुस्तक काढू या, घरच्या घरी. मी लिहीन.” तो जरा संकोचला. “आणखी काही आहे का तुमच्याकडे? तिच्याबद्दलचं?”

केतकी खिडकीपाशी बसली होती. खाली क्लासच्या खोलीला कुलूप होतं. तिला आठवलं : तापात मावशी तिच्या उशाशी बसून कापडाच्या कतरणींचे उंट करायची. वडिलांचं मस्कतहून शेवटचं पत्र आलं त्या दिवशी मावशीने काही न बोलता तिची वेणी घातली होती, सोडली होती, परत घातली होती. ती नोकरीला निघाली तेव्हा मावशी दारात आलीच नाही. आत मशीन चालू ठेवलं होतं, सुईत दोरा नसताना.

“ताई? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” ती म्हणाली. “नाही रे, निरंजन. एवढंच होतं.”